अमेरिकन लष्करातल्या मुलाचं ‘कागदी लग्न’ कळलं, तर तक्रार करावी का?

वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी विवाह समुपदेशक होते. निवृत्त झाले तरी मुलुंडच्या घरी लोक येत राहतात. हल्ली त्यांच्यातले काही जण एक असा प्रश्न आणतात, जो नोकरीत असताना माझ्यासमोर कधी आला नव्हता. अमेरिकेचं स्थळ आलंय, मुलगा तिथल्या लष्करात किंवा नौदलात आहे, सगळं छान आहे, फक्त त्याचं तिकडे ‘नुसतं कागदावर’ एक लग्न झालेलं आहे. हे तिथल्या सरकारला कळवायचं का? नाही कळवलं तर आपण त्यात सामील ठरतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मुंबईत बसलेल्या, त्या व्यवहारात कुठेही हात नसलेल्या कुटुंबावर हे कळवण्याची कायदेशीर सक्ती नाही. गप्प राहिलात म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही. म्हणजे निर्णय तुमच्या विवेकाचा आहे, आणि म्हणूनच तो शांतपणे घ्यायला हवा. मोडलेल्या बैठकीच्या रागात घेतलेला निर्णय तिकडे एखाद्या मुलीचं आयुष्य उलटंपालटं करू शकतो.

मी अमेरिकेतली वकील नाही. तिकडे अडकलेल्या माणसानं तिकडचाच वकील गाठावा. हे लिहिते आहे ते इथल्या घरांसाठी.

पगारपत्रकातला एक शब्द

एका आईनं परवानगी दिली म्हणून, ओळख पटणार नाही एवढंच सांगते. मुलानं आपली मिळकत दाखवायला लष्कराचं पगारपत्रक पाठवलं होतं. मुलीच्या वडिलांनी खालचा आकडा बघितला आणि खूश झाले. आई बँकेत नोकरी केलेली. तिनं सवयीनं एकेक रकाना वाचला: मूळ पगार, जेवणाचा भत्ता, घरभाडं भत्ता, शिल्लक रजा. मध्येच एका चिंचोळ्या रकान्यात, अवलंबित कोण याच्या पुढे लिहिलेलं होतं: ‘स्पाउस’.

तिनं फोन केला. मुलाच्या आईनं जराही न अडखळता सांगितलं, “अहो, ते कागदापुरतं आहे. फेरे कुठे घेतलेत?” मुलानंही व्हॉट्सअॅपवर मोकळेपणानं लिहिलं, की मैत्रिणीचा व्हिसा संपत होता, तिला मदत झाली, मलाही बराकीबाहेर राहता आलं, तिचं कार्ड पक्कं झालं की आम्ही घटस्फोट घेणार आहोत.

हे का जुळतं ते समजून घ्या. अमेरिकन लष्करात खालच्या हुद्द्यावरच्या अविवाहित शिपायाला सहसा बराकीत राहावं लागतं. लग्न झालं की तो बाहेर राहू शकतो आणि घरभाडं भत्ता सुरू होतो. भत्त्याची रक्कम हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण आणि अवलंबित आहेत की नाहीत यावर ठरते. जोडीदाराला लष्कराची आरोग्य योजनाही मिळते. जोडीदार परदेशी असेल आणि शिपाई अमेरिकन नागरिक असेल, तर ग्रीन कार्डाचा रस्ताही उघडतो. लग्नाला २ वर्षं झालेली नसताना मिळालेलं कार्ड सशर्त असतं, २ वर्षांच्या मुदतीचं. ती संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून अर्ज करून अट काढून घ्यायची असते. म्हणूनच ‘अजून वर्ष-दीड वर्ष थांबा, मग ती मोकळी आणि मी मोकळा’ असं वेळापत्रक ऐकवलं जातं. असं वेळापत्रक कानावर आलं की सावध व्हा.

आधी स्थळाचा निर्णय, मग तक्रारीचा

माझ्याकडे येणारी बहुतेक घरं तक्रारीवर तासभर बोलतात आणि मुलीच्या लग्नावर पाच मिनिटं. क्रम उलटा हवा.

‘फेरे नाहीत म्हणजे लग्न नाही’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की शिकलेली माणसंही तो सहज बोलून जातात. त्याला २०२४ पासून अर्धवट आधारही मिळाला आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉली राणी प्रकरणात सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधी झाल्याशिवाय होत नाही, नुसतं प्रमाणपत्र आणलं म्हणून ते लग्न ठरत नाही. मुलाकडच्या मंडळींनी बातमी वाचलेली असते. पण तो निकाल इथल्या, हिंदू पद्धतीनं झाल्याचं सांगितल्या जाणाऱ्या लग्नाबद्दल आहे. लग्नाचा विधी कसा असावा हे, साधारण नियम म्हणून, ते जिथे लागतं तिथला कायदा ठरवतो. अमेरिकेत कौंटीच्या कचेरीतून परवाना काढून, अधिकृत माणसासमोर होकार देऊन, सह्या करून लागलेलं लग्न हे लग्नच आहे. मनात काहीही असलं तरी तिथल्या न्यायालयातून ते मोडेपर्यंत दोघं विवाहित.

आता हे आपल्या मुलीच्या बाजूनं बघा. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ५ म्हणतं, की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा. असेल तर कलम ११ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल. भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ द्विभार्या गुन्ह्याला ७ वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि पहिलं लग्न लपवलं असेल तर १० वर्षांपर्यंत. ‘पहिलं लग्न खोटं होतं’ असा बचाव वकील जोरात मांडेल, समोरचा वकील तितक्याच जोरात खोडेल. त्या वादात तुमची मुलगी वादी-प्रतिवादी म्हणून उभी राहायला नको, एवढंच मला म्हणायचं आहे.

शिवाय लष्कराच्या दप्तरी बायको म्हणून दुसरंच नाव आहे. तुमच्या मुलीचा व्हिसा कोणत्या नात्यानं होणार? आणि सैन्यातली नोकरी आहे म्हणून तोंडावर न येणारी गोष्टही बोलून ठेवते. सेवेत असताना शिपाई गेला तर अमेरिकन सरकार १,००,००० डॉलरची मदत देतं, आणि त्यांचा सामूहिक विमा मार्च २०२३ पासून कमाल ५,००,००० डॉलरचा आहे. त्यानं वेगळं नाव लिहून ठेवलेलं नसेल, तर पहिला हक्क कायदेशीर पत्नीचा. ती तुमची मुलगी नसेल.

तेव्हा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हातात पडेपर्यंत साखरपुडासुद्धा नाही. ‘प्रोसेस चालू आहे’ या तीन शब्दांवर हॉल बुक करू नका. आणि वॉर्ड ऑफिसात लग्न नोंदवताना अर्जावर ‘अविवाहित’ लिहू या, असं कुणी सुचवलं, तर तिथेच बोलणी थांबवा. घटस्फोटित माणसाला घटस्फोटित लिहायला लाज कसली?

ते लग्न खरंच खोटं आहे का?

स्थळ बाजूला झालं की डोकं निवतं. मग हा प्रश्न स्वतःला विचारा, आणि ‘मला वाटतं’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

लग्न कायदेशीर आहे की नाही आणि लग्न फसवणूक आहे की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं १९४५ मध्ये सैनिकांच्या परदेशी जोडीदारांना आणता यावं म्हणून खास कायदा केला. त्याचा फायदा उठवायला काही पोलिश निर्वासितांची पॅरिसमध्ये माजी सैनिकांशी लग्नं लावली गेली. आत शिरलं की वेगळं व्हायचं, असं आधीच ठरलेलं. ते प्रकरण, ल्युटवाक खटला, १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं म्हटलं, की फ्रान्सच्या कायद्यानं ते लग्न वैध होतं का यात आम्हाला शिरायचंच नाही. नवरा-बायको म्हणून राहण्याचा हेतूच नव्हता आणि तो सरकारपासून लपवला, हाच गुन्हा. पुढे १९७५ मध्ये बार्क प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयानं दुसरी बाजू सांगितली: लग्न करताना एकत्र संसाराचा हेतू होता का ते बघा. नंतर दोघं वेगळी राहिली एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही.

ही दुसरी बाजू लष्करी जोडप्यांना फार लागू पडते. नवरा जपानमध्ये बोटीवर आणि बायको टेक्साससारख्या राज्यात, हे त्यांच्याकडे रोजचं आहे. लांबच्या मोहिमेवर जाण्याआधी घाईघाईनं केलेली लग्नं, बराकीतून लवकर बाहेर पडता यावं म्हणून आधी उरकलेली लग्नं, ही खरी असू शकतात. वयात अंतर आहे, फेसबुकवर फोटो नाहीत, तो सणाला एकटाच घरी आला, तिचा धर्म वेगळा आहे, त्याच्या आईला ती पसंत नाही, यातली एकही गोष्ट पुरावा नाही. आपल्या मावशा-आत्या ज्या खात्रीनं ‘ते लग्न खोटंच आहे’ म्हणतात, त्या खात्रीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

पुरावा म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द, तुम्हाला थेट सांगितलेला, शक्यतो लिहिलेला. किंवा पैसे देऊन लग्न लावणाऱ्या दलालाशी झालेला व्यवहार, जो तुम्ही स्वतः पाहिला. मुलाच्या चुलत भावाच्या रूममेटकडून आलेली गोष्ट ही ऐकीव. तशा गोष्टीवर कुणाच्या नावानं सरकारी कागद करू नये.

आणि पुरावा शोधायला निघू नका. त्याच्या मेलचा पासवर्ड ठाऊक आहे म्हणून मेल उघडणं हा आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. जे तुमच्याकडे आपसूक आलं, तेवढंच तुमचं.

त्या कागदावर दुसरी सही कुणाची?

हा भाग मी सर्वांत हळू बोलते, कारण येणारी माणसं इथे सर्वांत घाई करतात.

तक्रारीचा फटका मुलाला किती आणि तिला किती, याचा विचार करा. शिपायावर कोर्ट मार्शल होऊ शकतं. खोटं सरकारी निवेदन, चोरी, सरकारची फसवणूक अशी कलमं त्यांच्या लष्करी संहितेत आहेत आणि घेतलेला भत्ता वसूल होतो. इमिग्रेशनसाठी जाणूनबुजून खोटं लग्न केल्याबद्दल दोघांनाही ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण परदेशी जोडीदाराच्या नावावर एकदा ‘खोटं लग्न’ ही नोंद बसली, की पुढे तिच्यासाठी कुणीही केलेली ग्रीन कार्डाची विनंती मंजूर होऊ नये असा तिथला नियम आहे. पुढे तिनं खऱ्या मनानं लग्न केलं, मुलंबाळं झाली, तरी ती नोंद पुसली जात नाही.

म्हणून ती कोण आहे, तिला धाक आहे का, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, हे जेवढं कळेल तेवढं समजून घ्या. या विषयातलं सर्वांत वाईट रूप मी ऐकलं आहे ते असं: लग्न खरं, पोरगी खरी नांदायला गेलेली, आणि मारहाणीविरुद्ध तोंड उघडलं की नवरा म्हणतो, “आपलं लग्न खोटं होतं असं कळवीन, परत पाठवतील तुला.” कधी हेच सासू इथून फोनवर सांगते. तुमच्याकडे ‘सुनेचं लग्न खोटं आहे, तक्रार करायला मदत करा’ म्हणून कुणी नातेवाईक आला, तर आधी ती सून सुखरूप आहे का ते विचारा. छळणाऱ्या नवऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेल्या माहितीच्याच जोरावर पीडित जोडीदाराविरुद्ध निर्णय घेऊ नये, असं बंधन १९९६ पासून तिथल्या अधिकाऱ्यांवर आहे. अशा मुलीला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करण्याचाही मार्ग आहे. हे तिच्यापर्यंत पोचवा, ते तक्रारीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

त्या कागदावरची दुसरी सही तुमच्याच मुलीची किंवा भाचीची असेल, तर तक्रारीच्या हॉटलाइनला हात लावू नका. आधी तिनं तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला एकटीनं भेटावं. घरच्यांनी पुढाकार घेऊन केलेली तक्रार म्हणजे तिच्यावरचाच कबुलीजबाब होऊन बसतो.

माझं मत

मला विचाराल तर दलाल पैसे घेऊन अशी लग्नं लावत असेल, जोडीदाराला धाकात ठेवलं असेल, किंवा एका घरानं नकार दिल्यावरही तो माणूस ‘अविवाहित’ म्हणून पुढची मुलगी बघत असेल, तर कळवा. तिथे गप्प बसण्यानं आणखी एक मुलगी अडकते. दोन सज्ञान माणसांनी आपापल्या सोयीनं चूक केली, ती तुम्हाला कळली, तुमची मुलगी त्यातून बाहेर आहे, अशा वेळी नाही कळवलंत तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. सरकारचा पैसा हा लुटायचा पैसा नाही, आणि जो शिपाई खरोखर कुटुंब घेऊन राहतो त्याच्या नावाच्या भत्त्यावर हा डल्ला आहे, हे मी मानते. ज्याला याच कारणासाठी कळवायचं असेल त्यानं जरूर कळवावं. फक्त हातात काय आहे ते आधी तपासावं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: तक्रारीचा सौदा. ‘बैठकीचा खर्च भरून द्या नाहीतर पेंटॅगॉनला कळवतो’ हे वाक्य बोललात, की तुम्ही तक्रारदार राहत नाही. धाक घालून पैसे मागणं ही आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालची खंडणी आहे. नकार कळवायचा तर एकदाच, लेखी आणि बिनशर्त: आपण कायद्यानं विवाहित आहात हे पगारपत्रकावरून समजलं, त्यामुळे आम्ही पुढे जात नाही. बस.

कळवायचं ठरलं तर

बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, तिथला संबंध व्हिसापुरता. आपल्या पोलीस ठाण्यातही नको. तिथे जायचं ते इथे तुमची फसवणूक झाली असेल तर. लष्कराच्या भत्त्याबद्दल सांगायचं असेल तर अमेरिकन संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांची हॉटलाइन आहे, तिचा अर्ज इथून ऑनलाइन भरता येतो. लष्कराची सीआयडी, नौदलाची एनसीआयएस आणि हवाई दलाची ओएसआय या तपास यंत्रणाही माहिती घेतात. ग्रीन कार्डाच्या बाजूसाठी यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फसवणूक कळवण्याचा अर्ज आहे. नाव न देता लिहिता येतं, पण मग त्यांना शंका विचारायला माणूस उरत नाही. नाव देऊन ते गुप्त ठेवायची विनंती करणं मला जास्त बरं वाटतं.

मजकूर लहान ठेवा, असा काहीसा: “मी मुंबईत राहते. या व्यक्तीच्या कुटुंबाकडून माझ्या मुलीसाठी लग्नाचा प्रस्ताव आला होता. त्यांनी पाठवलेल्या पगारपत्रकात जोडीदाराची नोंद आहे. अमुक तारखेच्या संदेशात त्यांनी ते लग्न व्हिसा आणि निवासासाठी केल्याचं मला स्वतः लिहिलं. दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत. याशिवाय मला प्रत्यक्ष माहिती नाही.” शेवटचं वाक्य गाळू नका. ‘लबाड’, ‘संस्कारहीन’ असली विशेषणं मात्र गाळा. स्क्रीनशॉट कापू नका, खुणा करू नका. तारीख आणि नंबर दिसतील असा पूर्ण ठेवा, आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नका.

नंतर काय झालं हे तुम्हाला बहुधा कुणी कळवणार नाही. पाठपुरावा करत बसू नका. तपास अधिकारी म्हणून कुणी मेल केला, तर पत्ता ‘डॉट मिल’ किंवा ‘डॉट गव्ह’ने संपतो ना ते बघा. पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणारा माणूस अधिकारी नव्हे.

आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं अक्षरही टाकू नका. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात अपवाद आहे, पण ग्रुप म्हणजे अधिकारी नव्हे. बँकेतल्या त्या आईनं तिकडे तक्रार केली नाही. मुलाची ती मैत्रीण आपखुशीनं त्यात होती आणि लग्न खोटं असल्याबद्दल हातात एक संदेश सोडून काही नव्हतं. पण ज्या विवाह मंडळातून स्थळ आलं होतं तिथे ती पगारपत्रक घेऊन गेली, आरोप न करता तो रकाना दाखवला, आणि या मुलाची नोंद ‘अविवाहित’ म्हणून ठेवू नका असं लेखी दिलं. मंडळानं घटस्फोटाचा हुकूमनामा येईपर्यंत नोंद काढून ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी हे काम सर्वांत आधी सांगते, कारण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही.